जागा वाढवायच्या की आहेत त्यातूनच काढायच्या?

अभियांत्रिकीत मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून आयआयटींनी २०१८ पासून जादा जागा निर्माण केल्या: आधी किमान १४ टक्के मुली, २०२० पर्यंत २० टक्के. मुलांच्या जागा शाबूत राहिल्या, म्हणून विरोध बोथटला. ताण आला वसतिगृहांवर. शिवाय मुलीला आधी राखीव जागा दिली जाते, मगच खुली. त्यामुळे गुणांवर खुली जागा मिळवू शकणारी मुलगीही राखीव जागेतच मोजली जाते आणि २० टक्क्यांवर गाडी अडू शकते.

टोकियो टेक या जपानी तंत्रज्ञान विद्यापीठाचा (ऑक्टोबर २०२४ पासून ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो’) मार्ग उलटा. जपानमध्ये १९९२ साली १८ वर्षांचे सुमारे २० लाख तरुण होते, आता जेमतेम ११ लाख. म्हाताऱ्या होत चाललेल्या देशात वाढीव जागा भरणार कोण? म्हणून २०२४ पासून दोन टप्प्यांत १४३ जागा मुलींना, त्याही सर्वसाधारण परीक्षेच्या जागा कापून. वर्गातलं प्रमाण यानं झपाट्यानं बदलतं, पण मुलांची स्पर्धा थेट वाढते.