मागचं घर, वरचा मजला की त्याच इमारतीतला फ्लॅट?

सॅन होजेतल्या आतेभावाने अंगणात आत्यासाठी छोटं घर बांधलं. ग्रुपवर फोटो आले आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या चुलतभावाचा फोन: "दादा, आई-बाबांना डोंबिवलीहून आणायचंय. आपल्याकडे असं जमेल का रे?" त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

तिकडे कायदा पाठीशी आहे. कॅलिफोर्नियात 2020 पासून 800 चौरस फुटांपर्यंतचं दुसरं घर मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून 4 फूट सोडून बांधायचं म्हटलं, तर शहराला सहसा अडवता येत नाही. आपल्याकडे रो-हाउसमागची मोकळी पट्टी बहुतेकदा सामासिक अंतराची असते, म्हणजे मोकळीच ठेवायची. शिवाय नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोने 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, त्यामुळे करारातल्या अटी आल्याच.

ऐरोलीला सासऱ्यांच्या रो-हाउसमागे अशी एक खोली आम्ही काढली होती. स्वयंपाकघराच्या दारापासून नऊ पावलं. एरवी त्यासारखं सुख नाही. सासरे पहाटे साडेचारला रेडिओ लावायचे, आम्हाला पत्ता नसायचा. जुलैत मात्र त्याच नऊ पावलांवर शेवाळ धरायचं. सासूबाई एका हातात छत्री, दुसऱ्यात ताटलीने झाकलेलं आमटीचं पातेलं घेऊन पाय रोवत यायच्या. एकदा घसरल्या, मनगट मोडलं. पुढच्या वर्षी अनधिकृत बांधकामाची नोटीस आली आणि खोली आम्हीच पाडली. चूक आमचीच. पत्रे टाकताना कोणी कागद विचारले नाहीत, म्हणून आम्हीही काढले नाहीत.

प्लॉट स्वतःचा आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक असेल, तर मागे नको, वर जा. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून या एकदा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात ही वसाहत आखली, तेव्हा 45 ते 75 चौरस मीटरचे छोटे प्लॉट असूनही दोन घरांत सामायिक भिंत ठेवली नाही. कुटुंब वाढलं की ज्याने त्याने शेजाऱ्याला न विचारता घर वाढवावं, हा हेतू. आज तिथली कितीतरी मूळ कौलारू घरं जाऊन मजले चढलेत. जाणकार हळहळतात, मला तर ते मूळ कल्पनेचं यशच वाटतं. खाली म्हातारे, वर तरुण, जिना बाहेरून, स्वयंपाकघरं दोन. फक्त जुना पाया वरचा भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. मिस्त्रीच्या "होऊन जाईल साहेब"वर मजला चढवू नका.

पण चुलतभाऊ घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर. त्याला ना अंगण, ना गच्ची.

शेजारचा फ्लॅट घेऊन मधे दार पाडायचं त्याच्या डोक्यात होतं. नवे टॉवर बरेचसे मायवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले. तिथली भिंत विटांची नसते, भार पेलणारी काँक्रीटची असते. तिला हात लावायचाच नाही. जुन्या इमारतीत मधली भिंत विटांची असेल, तर सोसायटी आणि महापालिकेची परवानगी काढून दार होऊ शकतं. तरी सोसायटीचं सेवाशुल्क फ्लॅटमागे असतं, ते दोनदा भरावं लागणार. आणि पुढेमागे एकच फ्लॅट विकायचा झाला, तर ते दार पुन्हा बुजवा.

म्हणून माझं मत त्याच विंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या वन-बीएचकेला. दुसरा-तिसरा मजला बघ म्हटलं, लिफ्ट बंद पडली तरी काका हळूहळू चढतील. फ्लॅट मुलाच्या नावावर आणि राहणार आई-वडील, तरी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते जादा शुल्क) लागत नाहीत, कारण ते कुटुंबातलेच. पण शक्य असेल तर तो काकूच्या एकटीच्या नावावर घ्यावा. ठाण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर 6. म्हणजे 60 लाखांच्या घरावर 60 हजार वाचले. नोंदणी शुल्क काही झालं तरी 30 हजारांच्या वर जात नाही.

पैसा उभा करायला काका डोंबिवलीचं घर चुलतभावाच्या नावावर करायला निघाले होते. मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणूनच लोक घाई करतात. मी म्हटलं, द्यायचंच तर सांभाळाची अट दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे: सांभाळ झाला नाही तर असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेली असेल तर काम सोपं. यावर भाऊ फोनवर बराच वेळ गप्प. सख्ख्या मुलासमोर हे बोलणं कसंसंच वाटतं, मलाही वाटलं. तरी बोललो.

शेवटी त्याने काकूला विचारलं (जे आधीच करायला हवं होतं). तिसरा मजला चालेल म्हणाली, पण देव्हारा आणि घरघंटी घेऊनच येणार. आता तो टेप घेऊन वन-बीएचकेत घरघंटी कुठे बसेल ते मोजतोय.