सागवान म्हणून येनाच्या चौकटी गळ्यात मारल्या

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात घर बांधायचं म्हटलं की चौकट सागवानाचीच, हा म्हाताऱ्या माणसांचा हट्ट. मागच्या वर्षी धानाचे पैसे आले तेव्हा बाबांनीही तेच धरलं. माघात एक जण पिकअपमध्ये तयार चौकटी घेऊन गावात आला. "काका, बल्लारशाच्या जंगलखात्याच्या डेपोचा माल आहे, डोळे मिटून घ्या." तीन चौकटी, 27 हजार. पॉलिश चकचकीत, पावती मात्र वहीच्या कागदावर.

चैत संपता संपता समोरची चौकट पिळली. दार अडायला लागलं, नख जाईल एवढी उभी भेग पडली. वाढईभाऊंनी बिजागरी काढून पटाशीने पॉलिश खरवडलं, तर खाली काळपट रेघांचं लाकूड. "काका, हा तं येन आहे." बाबा किती तरी वेळ चौकटीवर हात ठेवून उभे होते.

येन म्हणजे ऐन. झाड वाईट नाही, कोशाच्या (टसर रेशमाच्या) किड्यांना आमच्याकडे त्याचाच पाला लागतो. पण तो हिरडा-बेहड्याच्या कुळातला, आणि साग तुळशीच्या. उभ्या झाडात चूक होतच नाही: येनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटलेली, सागाचं कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात. चिरून, रंगवून आणलं की फसगत होते. म्हणून पॉलिश केलेला माल घेऊच नका. कोऱ्या लाकडाचं टोक ब्लेडने तासून ओलं करा. सागात वर्षाच्या प्रत्येक वलयाला मोठ्या छिद्रांची रांग स्पष्ट दिसते, येनात छिद्रं विखुरलेली असतात. साग हाताला तेलकट लागतो, जुन्या चामड्यासारखा वास येतो. वजनही बघा: वाळलेला साग घनफुटाला 18-20 किलो भरतो, येन 24-25 च्या घरात. उधई, म्हणजे वाळवी, सागाच्या नारेला (आतल्या पक्क्या लाकडाला) सहसा लागत नाही, पण कडेचा पांढरा भाग सागाचा असला तरी ती खाते, तोही घेऊ नका.

डेपोचा माल म्हटला की लॉट नंबरचं पक्कं बिल आणि वाहतूक परवाना मागायचा. आम्ही मागितला नाही. त्या माणसाचा फोन वैशाखापासून बंद आहे. समोरची चौकट बदलली, बाकीच्या दोन तशाच आहेत. मागचं दार पावसाळ्यात लागत नाही, बाबा रात्री त्याला पाटा टेकवून झोपतात.