डेक्सामेथासोन की टोसिलिझुमॅब?

कोविडमध्ये अनेकांचा जीव धोक्यात आणला तो त्यांच्याच शरीरात उसळलेल्या सायटोकाइन्सनी, म्हणजे दाह भडकवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांनी. ही उसळी आवरायला दोन औषधं पुढे आली. माझं मत आधीच सांगते: ऑक्सिजन लागला की पहिलं डेक्सामेथासोन, टोसिलिझुमॅब जोडीला, त्याच्या जागी नाही.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अनेक सायटोकाइन्सची निर्मितीच कमी करतं. डोस दिवसाला 6 मिलिग्रॅम, फार तर 10 दिवस, आणि किंमत अगदी किरकोळ. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत 2020 साली व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. तरीही आपल्याकडे सौम्य आजारातही स्टेरॉइड दिली गेली, मधुमेहींची साखर भडकली, म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराला, आयती वाट मिळाली. याचा मला आजही राग येतो.

टोसिलिझुमॅब फक्त इंटरल्युकिन-6 या एका सायटोकाइनचा रिसेप्टर, म्हणजे तो जिथे चिकटून काम करतो ती जागा, अडवतं. त्याच चाचणीत 2021 साली मृत्यू 35 टक्क्यांवरून 31 वर आले, तेही बहुतेकांना स्टेरॉइड चालू असताना. ताप आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) झपाट्याने उतरतात. पण यकृत सीआरपी बनवतं ते मुख्यतः इंटरल्युकिन-6 च्याच सांगण्यावरून. त्यामुळे इंजेक्शननंतर नवा जिवाणूसंसर्ग झाला, तरी रिपोर्ट चांगलाच दिसू शकतो.