रॅली कारमधली अग्निशमन यंत्रणा: केबलची की बटणाची?
रॅलीची गाडी बांधणाऱ्या मित्राला पडलेला पेच. केबलची यंत्रणा (हँडल ओढलं की केबल आग विझवणारी बाटली उघडते) स्वस्त, बॅटरी नको. पण फार वळणं दिली की केबल जड ओढली जाते, गंजली तर अडकते. शिवाय सीटचे पट्टे आवळून बसल्यावर हात त्या हँडलपर्यंत पोहोचतो का, ते आधीच बघा.

बटण विजेवर बाटली उघडतं; त्याला जोर लागत नाही, वायर हवी तशी नेता येते. मात्र बॅटरी प्रत्येक शर्यतीआधी तपासायची. यंत्रणेचा स्विच ‘सेफ’वरच (म्हणजे बंद) राहिला तर बाटली म्हणजे नुसतं ओझं! (केबलवाले हँडल अडवणारी सेफ्टी पिन काढायला विसरतात, तेही तसंच.)

बाहेरून सुरू करायची सोय, ती जागा दाखवणारी पांढऱ्या वर्तुळातली लाल ‘E’ ही खूण आणि ठरल्या मुदतीत बाटलीची सर्व्हिसिंग दोन्हींना हवीच.

वर्षाला एखाद-दुसरी शर्यत, घरचंच गॅरेज असेल तर केबल घ्या. तपासणीला मेकॅनिक असलेल्या टीमला बटण बरं.