मंगलोरी, नळे, सिलिंग कौलं : एक पावसाळा, एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात कुडाळजवळच्या आमच्या घराचं छप्पर पूर्ण उतरवून नव्याने कौलं घातली, त्यावर अख्खा पावसाळा गेला आणि आता उन्हाळाही सरत आलाय. पत्रे घालावेत की कौलं या विचारात बरेच जण अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुख्य घरावर मंगलोरी कौलं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासूनचा हा प्रकार, आमची जुनी कौलं उतरवली तर काहींच्या मागे १८६५ चा शिक्का होता (ते कारखान्याचं साल, कौल त्याच वर्षी भाजलं असं नाही). त्यातली वाजवून खणखणीत निघाली तेवढी परत वापरली, शेवाळ घासून, आणि पावसात त्यांनी नव्यापेक्षा कमी पाणी धरलं हे डोळ्यांनी बघितलंय. नव्यातली काही कौलं कमी भाजलेली आली होती, बोटाने वाजवली की बद्द आवाज, ती परत पाठवली. घेताना प्रत्येक गठ्ठ्यातली दोन-चार तरी वाजवून बघाच.

हिशोबाला १०० चौरस फुटाला साधारण १५० कौलं धरा, एकेक दोन-अडीच किलोचं, म्हणजे वासे आणि रिपा (वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्या) तेवढ्या दणकट हव्यात, भिजल्यावर वजन आणखी वाढतं. आणि रिपांमधलं अंतर कागदावरून नको, आणलेल्या कौलावरून ठरवा. कौलाच्या मागचे कान रिपेला नीट अडकले पाहिजेत, अर्धा इंच इकडेतिकडे झालं की वरचं कौल खालच्याच्या खाचेत बसत नाही आणि वाऱ्याच्या पावसात तिथूनच पाणी आत येतं. उतार कमी असेल तर मंगलोरी घालूच नका, २५-३० अंश तरी पाहिजे. आमच्या मागच्या पडवीचा उतार कमी आहे, तिथे मी सरळ पत्रा ठेवला.

गोठ्यावर जुने नळे. कुंभाराने चाकावर केलेले अर्धगोल, एक उताणा एक पालथा असे घालायचे. दिसायला मला अजूनही हेच आवडतात, आणि गोठ्यात हवा इतकी खेळती राहते की जनावरं दुपारीसुद्धा निवांत बसतात. पण नळ्यांना अडकायला कान नाहीत, मांजर जरी पळालं तरी सरकतात, दरवर्षी पावसाआधी वर चढून सारखे करावेच लागतात. घर वर्षभर बंद असेल, गणपतीला आणि मे महिन्यातच उघडत असेल, तर नळ्यांच्या वाटेला जाऊ नका.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते माजघरातल्या सिलिंग कौलांचे. ही सपाट, खालून नक्षी असलेली, रिपांवर आधी ही आणि त्यावर मंगलोरी, मधे हवेची पोकळी. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता ओटीवर पंखा लागतो पण माजघरात लागत नाही. शिवाय वरून कचरा, उंदरांची माती जेवणात पडायची ती बंद झाली. खर्च वाढतो, लाकूडही जास्त लागतं, तरी निदान एका खोलीला कराच. स्वयंपाकघरात दोन काचेची कौलं टाकलीत, दिवसा दिवा लावावा लागत नाही, फक्त चुलीच्या धुराने आतून काळी पडतात, पुसत राहायची.

गळलं कुठे विचाराल तर आढ्यावर, दोन्ही उतार मिळतात तिथे. कोने (आढं झाकणारी कौलं) सिमेंटमध्ये बसवले होते, उन्हाने त्या सिमेंटला बारीक चिरा गेल्या आणि जुलैत आढ्याच्या लाकडावरून ओघळ यायला लागला. आता तो माल काढून नवा भरून घेतोय.

वांदरांवर कौलांकडे उत्तर नाही, हे खरंय. आमच्या वाडीत याच कारणासाठी निम्म्या घरांवर पत्रे आलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं, पण त्यांना दोष देता येत नाही. आमचीही फुटली, पण फुटलं तेवढंच कौल खालून उचलून दुसरं सरकवता येतं, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी सुट्टी शंभरेक कौलं जास्तीची घ्या, त्याच लॉटमधली, कारण वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही. ठेवताना आडवी रचू नका, भिंतीला उभी लावा.