काळी चारचा षड्ज, व्हॅलोरंट आणि आठ महिन्यांचं साउंड कार्ड

माझी पट्टी काळी चार. सकाळी रियाजाला बसते तेव्हा तानपुरा कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावते. गेल्या वर्षी बरेच दिवस एक गोष्ट छळत होती. खर्जाच्या तारेखाली काहीतरी हलायचं. हार्मोनियमशी ताडून पाहिलं, तानपुऱ्याचं अ‍ॅप बरोबर होतं. मग एकदा काहीही न वाजवता स्पीकर नुसते चालू ठेवून कान दिला आणि उलगडा झाला. विजेची गुणगुण येत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि या गुणगुणीत तिच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा स्वर हमखास असतो. काळी चारचा खर्जातला षड्ज साधारण १०४ हर्ट्झचा. म्हणजे निषाद आणि षड्ज यांच्या मध्येच कुठेतरी लटकलेला एक बेसूर स्वर रोज सकाळी माझ्या साबरोबर वाजत होता आणि दोघांच्या भांडणातून सेकंदाला चार हेलकावे निघत होते. गाणाऱ्या माणसाला हे किती त्रासदायक आहे ते वेगळं सांगायला नको.

रात्रीचं दुखणं निराळं. जेवणं आटोपली की धाकट्या भावाबरोबर तासभर व्हॅलोरंट हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळते. तेव्हा हेडफोन असतात. माउस हलवला की कानात चिरचिर, गेम सुरू होऊन ग्राफिक्स कार्डावर भार आला की बारीक शीळ. दोन्हीचं खापर मी मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपवर फोडलं आणि साउंड कार्ड घ्यायचं ठरवलं. तो निष्कर्ष निम्मा चुकीचा होता. साउंड कार्ड घ्यायच्या विचारात असलेल्यांना त्यातूनच सर्वांत जास्त उपयोग होईल असं वाटतं, म्हणून आधी तेच सांगते.

हेडफोन मी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये लावत होते. हाताशी असतो म्हणून सगळे तिथेच लावतात. पण त्या जॅकपासून मदरबोर्डच्या कोपऱ्यापर्यंत आतून एक लांब, पातळ वायर जाते. बहुतेक कॅबिनेटमध्ये तिला धड शील्डिंग नसतं आणि ती नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या आसपासून फिरते. वाटेतला सगळा विद्युत गोंगाट ती गोळा करते. हेडफोन काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावले आणि चिरचिर जवळजवळ गेली. एक रुपयाही खर्च न करता. दहा हजारांच्या पुढची वस्तू मागवण्याआधी हा प्रयोग कराच. एवढ्यावर तुमचं भागलं तर पैसे हेडफोनमध्ये घाला.

माझं भागलं नाही, कारण तोपर्यंत मी सेनहायझरचे एचडी ५६० एस हे हेडफोन घेतले होते. मागून उघडे, १२० ओहमचे. ओहम म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा. मोबाइलबरोबर पूर्वी मिळायचे ते इअरफोन साधारण १६ किंवा ३२ ओहमचे असत. ओहम जास्त म्हणजे हेडफोन चांगले असं काही नाही, पण तेवढाच आवाज काढायला जास्त व्होल्टेज लागतं. माझ्या मदरबोर्डवर आवाज शंभरावर नेला तरी विलंबित ख्याल दुरून ऐकल्यासारखा वाटायचा. जुनी ध्वनिमुद्रणं मुळातच हळू आवाजात असतात, तिथे तर फारच कमी पडायचं.

आधी वाटलं होतं, पूर्वीसारखं आत बसणारं कार्ड घ्यावं. कॅबिनेट उघडलं तर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याखाली पूर्ण झाकलेला. हल्लीची ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट अडवतात. जागा असती तरी साउंड कार्ड त्या गरम पंख्याला चिकटून बसलं असतं. तो विचार तिथेच सोडला.

आणखी एक समज मनात होता, तो वाचन केल्यावर गेला. आमच्या घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं साउंड कार्ड होतं आणि त्याशिवाय गेमला आवाजच नव्हता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली पहिलं साउंड ब्लास्टर आणलं, आणि पुढे नव्वदच्या दशकात आलेल्या कार्डांवर गेममधले आवाज मिसळणं, घुमवणं ही कामंही कार्डावरची चिप करायला लागली. त्यामुळे प्रोसेसरचा भार हलका व्हायचा. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं आणि त्यात गेमच्या आवाजाचा हा हार्डवेअरचा रस्ताच काढून टाकला. तेव्हापासून हे काम प्रोसेसर करतो आणि आजच्या प्रोसेसरला त्याचं काही वाटत नाही. म्हणून साउंड कार्ड लावल्यावर गेम जास्त वेगाने चालेल अशी आशा ठेवू नका. आता त्याच्याकडून मागायच्या त्या तीन गोष्टी: निखळ शांतता, हेडफोनला पुरेशी ताकद आणि माइकसाठी बरी सोय.

शेवटी घेतलं ते क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टरएक्स जी६. हातात मावणारी काळी डबी, यूएसबीवर चालते, वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही. १६ पासून ६०० ओहमपर्यंतचे हेडफोन चालतात. कंपनीने सांगितलेली डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, १३० डेसिबलची. त्या आकड्याला फार भुलू नये, कारण १६ बिटच्या सीडीची रेंजच सुमारे ९६ डेसिबल आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात रात्री बारा वाजताही लोकल ऐकू येते. मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा. हेडफोनच्या जॅकचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकचा स्वतःचा अडथळा, १ ओहम आहे. तो कमी असला की हेडफोनचा मूळ स्वभाव बदलत नाही, डग्ग्याचा घुमारा फुगत नाही.

डबी जोडली, हेडफोन लावले, काहीच न वाजवता आवाज पूर्ण वर नेला. काही नाही. चिरचिर नाही, शीळ नाही. मग तानपुरा लावला. जवारीतून सुटणारे वरचे स्वर एकेक करून ऐकू यायला लागले, खर्जाच्या तारेत लपलेला गंधार स्पष्ट दिसला. ‘दिसला’ हाच शब्द मला योग्य वाटतो. बाजूचं गेन बटण ‘लो’वरच आहे, तेवढं १२० ओहमला भरपूर होतं.

मग स्पीकर या डबीला जोडले, आणि गुणगुण तशीच!

त्या रात्री फार निराश झाले होते. पण कारण समजल्यावर पटलं की यात डबीचा काही दोष नव्हता. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (त्याला वीज पुरवणारा डबा) एका प्लगवर, स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर. दोघांना जोडणारी ऑडिओची वायर. दोन्ही प्लगांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्या वायरच्या धातूच्या आवरणातून प्रवाह वाहतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. यूएसबीची डबी कॉम्प्युटरचीच ग्राउंड वापरते, म्हणून ती हे चक्र तोडू शकत नाही. वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून पाहिला. कॉम्प्युटरच्या प्लगवर तो अगदी मिणमिणता लागला. आमची इमारत जुनी, अर्थिंगची वायर मधल्या बोर्डात सैल झाली होती. त्यांनी ती नीट केली, स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सा एकटा होता. साउंड कार्डाच्या किमतीपुढे त्यांची मजुरी काहीच नव्हती. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर कार्ड राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. हा प्रश्न आवाजापुरता नाही, जिवाशी गाठ आहे.

आता गेमबद्दल. हेडफोनवर पावलांची दिशा कळणं हे एचआरटीएफ नावाच्या तंत्राचं काम आहे. आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानाला तो किंचित उशिरा, किंचित दबका पोचतो आणि कानाच्या पाळीच्या आकाराने त्याचा पोत बदलतो. हेच गणिताने घडवायचं. व्हॅलोरंटमध्ये ही सोय २०२१ पासून गेममध्येच आहे. सुरुवातीचे दोन आठवडे मी ती चालू ठेवली आणि वर डबीच्या सॉफ्टवेअरमधला सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतो असा भास देणारी सोय, तीही चालू ठेवली. पावलं कुठून येतात तेच कळेना, सगळं बोगद्यातून आल्यासारखं. एकदा दिशा दिलेल्या आवाजाला पुन्हा दिशा दिली तर दुसरं काय होणार? सराउंड एकाच ठिकाणी चालू हवा. गेममध्ये असेल तर तिथला वापरा आणि बाकी सगळं, विंडोजमधला विंडोज सोनिक हा सराउंडसुद्धा, बंद करा. गेममध्ये तशी सोय नसेल आणि तो ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठीचा) आवाज देत असेल, तर मात्र डबीचा सराउंड खरंच कामाला येतो. एकट्याने खेळायच्या गोष्टीच्या गेममध्ये मी तो आवर्जून लावते. पाऊस डोक्यावर पडतो.

स्काउट मोड नावाचं बटण पावलांसारखे बारीक आवाज वर उचलतं. भावाला ते आवडतं. मला नको वाटतं, कारण लांबचा आणि जवळचा आवाज सारखाच मोठा झाला की अंतराचा अंदाज जातो. मी मांजरपावलांनी येणाऱ्याचं अंतर कानानेच मोजते.

गाणी ऐकताना सगळे इफेक्ट बंद. डायरेक्ट मोड लावला की डबी मधली कुठलीही प्रक्रिया न करता आवाज पुढे पाठवते. सेकंदाला आवाजाचे ३ लाख ८४ हजार नमुने, म्हणजे ३८४ किलोहर्ट्झपर्यंतची सोय आहे, पण मला सीडीच्या ४४.१ च्या वरचा फरक कधीही ओळखता आलेला नाही. भावाला न सांगता फाइली बदलायला लावून पाहिलं, तरीही नाही. चांगल्या मुद्रणाचा आणि वाईट मुद्रणाचा फरक मात्र आता पहिल्या मात्रेला कळतो. तबल्याची चाट आणि लव वेगळी ऐकू येते. यातलं बरंचसं श्रेय हेडफोनचं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

गायन रेकॉर्ड करायचं असेल तर ही डबी त्या कामासाठी नाही. ३.५ मिलिमीटरचा माइक जॅक बोलायला छान आहे. गेम खेळताना बोलायच्या डिस्कॉर्ड अ‍ॅपवर भाऊ म्हणतो, ताई, आता तू विहिरीतून बोलत नाहीस. पण स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला सहसा एक्सएलआर वायर आणि त्याच वायरमधून जाणारं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर लागतं, ते इथे नाही. माझ्या गुरुभगिनीने तिचा फोकसराइट स्कार्लेट सोलो हा रेकॉर्डिंगसाठीचा ऑडिओ इंटरफेस दोन आठवडे वापरायला दिला, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. गाताना स्वतःचा आवाज कानात लगेच यावा लागतो. तो कॉम्प्युटरमधून फिरून आला की उशीर होतोच. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा (नमुन्यांचा) बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे पाठवायचा गठ्ठा, घेतला तर एकट्या त्या टप्प्याला पाच मिलिसेकंदांहून जास्त, वर बाकीचे टप्पे. द्रुत लयीत तान घेताना पाय घसरतो. स्कार्लेटमध्ये डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो. गाणाऱ्याने तेच घ्यावं. त्यात सराउंड, स्काउट वगैरे काही नाही, पण व्हॅलोरंट त्यावरही उत्तम चालला, कारण दिशा गेमच देत होता. आठवड्यातून दोनदा रेकॉर्डिंग करणारी असते तर मीही तेच निवडलं असतं. मी ऐकते आणि खेळते जास्त, रेकॉर्ड क्वचित करते, म्हणून जी६ ठेवलं.

घेण्याआधी आणखी दोन-तीन गोष्टी पाहा. जी६ची वायर मायक्रो यूएसबीची आहे, टाइप सी नाही. पाच-सहा स्पीकर थेट जोडायला वेगवेगळे जॅक यात नाहीत. आणि डिस्कॉर्डवर कोणी बोललं की तानपुरा एकदम दबत असेल, तर विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये कम्युनिकेशन्स या भागात जाऊन ‘डू नथिंग’ निवडा. मला हे चौथ्या महिन्यात सापडलं.

एक त्रास अजून आहे. लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर जातं. आमचा इन्व्हर्टर जुना, त्याची वीज शुद्ध साइन वेव्हची नाही, आणि मग स्पीकरमध्ये खरखर सुरू होते. तेवढा वेळ स्पीकर बंद करते आणि तानपुरा हेडफोनवर घेते. इन्व्हर्टर बदलायचा आहे, त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबले आहे.