एजंटांच्या हाती कार्यक्रम: आठ महिन्यांनंतर

आमच्या गटाच्या कार्यशाळा आणि बैठका ठरवायचं काम आठ महिने सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे नेमून दिलेलं काम आपणहून करणारे प्रोग्राम, करताहेत. सुरुवातीला ते चार होते. एक सगळ्यांची कॅलेंडरं बघतो, दुसरा हॉल शोधतो, तिसरा गेल्या महिन्यापर्यंत प्रवासाचं पाहायचा आणि चौथा या तिघांकडून कामं करवून घेतो.

तारीख ठरवण्यात तोड नाही. बारा जणांना फोन करकरून जे चार दिवसांत जमायचं नाही, ते आता चहा पिऊन होईस्तोवर होतं. वेगवेगळ्या कॅलेंडरांना एकमेकांशी बोलता यावं यासाठी कॅलडॅव्ह हे 2007 पासूनचं मानक असल्याने कोण कुठलं कॅलेंडर वापरतो याने सहसा अडत नाही. एकदा फसगत झाली ती परदेशातल्या वक्त्याच्या बाबतीत. दरमहाची बैठक यूटीसी वेळेत, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवलेली होती. तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली आणि बिचारा सवयीने एक तास आधी येऊन बसला. त्याच्या टाइमझोनच्या नावानेच नोंद हवी होती.

हॉलसाठी चौथा एजंट टेंडर काढावं तसं काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात, योग्य त्याला काम मिळतं. ही रीत नवी नाही. संगणकशास्त्रज्ञ रीड स्मिथ यांनी 1980 मध्ये ती ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ म्हणून मांडली होती.

खरी डोकेदुखी बुकिंगची. तिसऱ्या महिन्यात हॉलच्या ऑनलाइन बुकिंग सर्व्हिसकडून वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून एजंटाने पुन्हा विनंती पाठवली. पहिली पोचलेली होतीच, फक्त तिची पोच वाटेत हरवली. एकाच दिवसाला दोन हॉल! आता प्रत्येक विनंतीसोबत एक ओळखक्रमांक जातो आणि पुन्हा पाठवतानाही तोच राहतो, म्हणजे समोरच्याला कळतं की मागणी जुनीच आहे. सगळ्या सर्व्हिस हा क्रमांक जुमानत नाहीत. तिथे एजंट आधी बुकिंगची यादी तपासतो, मगच पुन्हा विचारतो.

अर्धवट फसलेलं निस्तरायला ‘सागा’ पद्धत आहे, गार्सिया-मोलिना आणि सेलम या संगणकशास्त्रज्ञांची, 1987 सालची. मोठ्या व्यवहाराचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला ते रद्द करणारं उलटं पाऊल जोडून ठेवायचं. कागदावर झकास. पण तिकीट रद्द केलं तरी पैसे कापले जातात, आणि गेलेलं आमंत्रण कुणी ‘न वाचलेलं’ करू शकत नाही. म्हणून मी क्रमच बदलला: आधी सगळीकडे तात्पुरती राखीव नोंद, मग पैसे परत मिळतील अशी बुकिंग, मग न मिळणारी, आमंत्रणं सर्वांत शेवटी. शिवाय पैसे भरायची वेळ आली की एजंट थांबतो आणि मला विचारतो. यात वेग थोडा गेला, पण झोप परत आली.

प्रवासाचा एजंट मात्र गेल्या महिन्यात बंद केला. लोक त्याला न सांगता परस्पर तिकीट बदलायचे, आणि तो इमानेइतबारे जुन्या गाडीच्या वेळेला न्यायला माणूस पाठवत राहायचा.